सुई सगळ्यांसाठी नाही, काकू

नमस्कार काकू,

गरोदरपणात मी रोज घेतलेल्या हेपरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या) सुयांवर मी लेख लिहिला, त्याखालची तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लेकीचा पहिला गर्भ दुसऱ्या महिन्यात पडला, लगेच रक्त गोठण्याच्या तपासण्यांचं मोठं पॅनेल झालं, त्यात 'एमटीएचएफआर' नावाच्या जनुकात दोष निघाला आणि पुन्हा दिवस राहिले की रोज पोटात इंजेक्शन घ्यायला सांगितलंय. तुमच्या आईची सात बाळंतपणं एकाही सुईविना झाली. माझ्यासारख्या बायका लिहून भीती पसरवतात आणि मुली हे उपचार मागत सुटतात, असं तुमचं म्हणणं.

लेकीबद्दलची तुमची शंका रास्त आहे. ही बाजू मी लेखात लिहायला हवी होती, ती राहिली, ही माझी चूक. सुरुवातीच्या तीन महिन्यांत एखादा गर्भ पडणं अनेकींच्या वाट्याला येतं, आणि बहुतेकदा दोष त्या गर्भाच्याच गुणसूत्रांत असतो. एमटीएचएफआरमधला फरक असंख्य धडधाकट माणसांत सापडतो. गर्भपाताचं कारण शोधायला ही तपासणी करू नये, असंच तज्ज्ञ सांगतात. अशा पॅनेलमधलं प्रोटीन एस (रक्त जास्त गोठू न देणारं प्रथिन) तर गरोदरपणात आपोआप कमी होतं, त्यामुळे त्या दिवसांतला रिपोर्ट फसवा असतो. रक्त गोठण्याचा आनुवंशिक दोष असलेल्या आणि दोन किंवा जास्त गर्भपात झालेल्या बायकांना हेपरिन देऊन पाहिलं, तो अभ्यास २०२३ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी ७२ टक्के जणींना मूल झालं, न घेणाऱ्यांपैकी ७१ टक्के जणींना.

माझं दुखणं मात्र वेगळं आहे: अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम. लंडनच्या ग्रॅहम ह्यूज यांनी १९८३ मध्ये त्याचं वर्णन केलं. यात आपलंच शरीर अशी प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) तयार करतं, ज्यांच्यामुळे शिरांत गुठळ्या होतात आणि गर्भाला पोसणाऱ्या वारेचंही नुकसान होतं. एखाद्या तापानंतरही ही प्रतिपिंडं काही दिवस दिसतात, म्हणून बारा आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी लागते. दोन्ही वेळा सापडली तरच निदान पक्कं. माझी दोन्ही वेळा सापडली.

त्याआधी माझा एक गर्भ नवव्या आठवड्यात गेला आणि दुसरा अठराव्या. दुसऱ्याचे ठोके मी ऐकले होते. तेव्हा ज्या दवाखान्यात होते तिथे "नशीब" एवढंच म्हणाले. दहा आठवड्यांपुढचा, नीट वाढलेला एक गर्भ जरी असा गेला तरी ही तपासणी करायला हवी, हे मला वर्षभराने दुसऱ्या डॉक्टरांकडून कळलं. ते वर्ष मी स्वतःला दोष देत काढलं, काकू. त्या लेखामागे तेच वर्ष आहे.

या आजारात सुईचा उपयोग होतो. १९९७ मध्ये लंडनमध्ये नव्वद जणींवर झालेल्या अभ्यासात नुसत्या अॅस्पिरिनवर ४२ टक्के जणींना मूल झालं, अॅस्पिरिनबरोबर हेपरिन घेणाऱ्यांत ७१ टक्के. हेपरिन वार ओलांडून बाळापर्यंत जात नाही. रक्त पातळ करणारी वॉर्फरिनची गोळी जाते आणि सुरुवातीच्या महिन्यांत बाळात व्यंग आणू शकते, म्हणून सोपी गोळी सोडून सुई. पोटाची चिमूट धरायची, सिरिंजमधला हवेचा बुडबुडा तसाच राहू द्यायचा, टोचल्यावर चोळायचं नाही. तरी पोट काळंनिळं व्हायचंच. कळा सुरू झाल्यासारखं वाटलं की पुढचा डोस न घेता आधी दवाखान्यात फोन, कारण पाठीतली भूल द्यायची तर मधे ठरावीक तास जावे लागतात. बाळंतपणानंतर आणखी सहा आठवडे सुया चालू होत्या, कारण गुठळीचा धोका तेव्हाच सर्वांत जास्त असतो.

तुमच्या आईंच्या सात बाळंतपणांवरून मला माझी आजी आठवली. तिला अकरा वेळा दिवस गेले, मुलं सहा. उरलेल्या पाचांबद्दल ती आयुष्यात पहिल्यांदा बोलली, माझ्या पोटावरचे डाग बघून.

लेकीचा रिपोर्ट काढून त्यात माझ्या आजाराच्या तपासण्यांची तीन नावं शोधा: लुपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा टू ग्लायकोप्रोटीन. तिन्ही निगेटिव्ह असतील तर "इंजेक्शन नेमकं कशासाठी?" हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा, हवं तर रक्तविकारतज्ज्ञाचं मत घ्या. तिला किंवा घरात कुणाला पायात वा फुप्फुसात गुठळी झाली असेल तर ते न विसरता सांगा, कारण मग सुईचं कारण निराळं असू शकतं. दिवस राहिल्यावर इंजेक्शन चालू असेल तर माझ्या उत्तरावरून बंद मात्र करू नका.

एमटीएचएफआरचा परिच्छेद मी आज मूळ लेखात अगदी वर घातला आहे. लेकीचं काय झालं ते जरूर कळवा.