जोक मारता येणं वेगळं आणि सोबत हसता येणं वेगळं

परवा रात्री आमचं कडाक्याचं भांडण झालं आणि ते सगळंच्या सगळं कुजबुजत झालं. कारण बाळ दीड तास थोपटून नुकतंच झोपलं होतं आणि त्याला उठवायची दोघांचीही हिंमत नव्हती. म्हणजे हातवारे पूर्ण, डोळे वटारलेले, जुने-नवे सगळे मुद्दे बाहेर आलेले, पण आवाज लायब्ररीतला. विषय घरोघरी असतो तोच, कुणी काय करायचं ठरलं होतं आणि कुणी केलं नाही. शेवटी नवरा म्हणाला, "तू माझं ऐकूनच घेत नाहीस", पण इतकं हळू म्हणाला की मला खरंच ऐकू आलं नाही, आणि मी तशीच कुजबुजत विचारलं, "काय?"

दोन सेकंद आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो आणि मग जे हसू फुटलं ते उशीत तोंड खुपसून दाबावं लागलं.

भांडण मिटलं असं नाही हां. मुद्दा होता तिथेच होता, नंतर त्यावर बोललो, अर्धं पटलं अर्धं नाही पटलं. पण हसायच्या आधी माझ्यासमोर विरोधी पार्टी बसली होती आणि हसल्यानंतर माझा माणूस बसला होता, आणि हा फरक मला इतका मोठा वाटतो की त्याच्यावर लिहायचंच असं तेव्हाच ठरवलं.

जॉन गॉटमन नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी सिएटलला वर्षानुवर्षं नवरा-बायकोंना समोर बसवून भांडताना बघितलं, रेकॉर्ड केलं, मोजलं. त्यांच्या अभ्यासात ज्यांचं नातं टिकलं ती जोडपी भांडत नव्हती असं अजिबात नाही, पण भांडतानासुद्धा एका कडू क्षणामागे साधारण 5 बरे क्षण त्यांच्यात सापडायचे, म्हणजे एखादं हसू, एखादा हुंकार, "बरं, तुझं हे बरोबर आहे" असं काहीतरी. आणि घटस्फोटाची सगळ्यात मोठी खूण त्यांना सापडली ती तुच्छता. रागापेक्षाही वाईट. डोळे फिरवणं, नाक मुरडणं, नक्कल करणं, टोमणे मारणं. यातलं निम्मं आपल्याकडे "गंमत केली रे" या नावाखाली खपतं ना? टोमणा हासुद्धा विनोदच असतो, चांगला जमलेला असतो, चारचौघांत टाळ्या घेतो, आणि ज्याच्यावर मारलाय तो आतून एक पाऊल मागे सरकतो. मला याचा मनापासून राग येतो. आपल्याच माणसाला चारचौघांत खाली पाडून मिळवलेल्या हशाला मी विनोदबुद्धी म्हणणार नाही.

डेटिंगच्या काळात मला हे कळत नव्हतं. सगळ्यांसारखं मीपण "सेन्स ऑफ ह्यूमर पाहिजे" असं लिहिलेलं. मग एकजण भेटला, अडीच तास नुसता धमाल, एकावर एक किस्से, हसून हसून माझे गाल दुखले, आणि घरी आल्यावर लक्षात आलं की त्याने मला एकही प्रश्न विचारला नव्हता. माझ्या जागी कुणीही बसलं असतं तरी तोच कार्यक्रम झाला असता.

हसण्याचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी एक भारी काम केलं होतं, मॉलमध्ये, कॉलेजच्या आवारात लोक नेमके कशावर हसतात ते आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन टिपून काढलं. तर जेमतेम 10 ते 20 टक्के हसणं जोकसारख्या काहीतरी बोलण्यानंतर आलेलं निघालं, बाकी सगळं "अरे तू इथे कसा?" किंवा "चल, निघते मी" असल्या साध्या वाक्यांवर. आणि माणूस एकटा असताना हसतो त्याच्या 30 पट जास्त सोबत असताना हसतो. म्हणजे जोक पाठ करून जाणाऱ्या पोरांनो आणि पोरींनो, टेन्शन सोडा, हसू जोकमधून कमी आणि सोबतीतून जास्त येतं.

आता जो माझा नवरा आहे त्याला जोक सांगताच येत नाही, शेवट आधीच सांगून टाकतो. पण पहिल्या भेटीत त्याने विचारलं, "तुला कशाचं वेड आहे?" मी जरा लाजतच सांगितलं की मी जुने नकाशे जमवते, फोनमध्ये फोटो आहेत. तर तो फोन हातात घेऊन बसला, झूम करून करून बघत, हे काय, हे असं का काढलंय, नदी इकडून तिकडे कशी गेली. मग म्हणाला आपण आत्ता बसलोय ती जागा शोधू. शोधली तर नकाशात तिथे चक्क तळं. त्याने एक शब्द न बोलता दोन्ही पाय खुर्चीवर वर घेतले. मी त्या क्षणी संपले, खरं सांगते.

त्या एका गोष्टीत वेड आणि विनोद दोन्ही होते आणि दोन्ही कुठून आले तर तो माझ्याकडे नीट बघत होता म्हणून आले. म्हणून "लाइफ पॅशनने जगा" असं कुणी नुसतं मोठ्याने म्हटलं की मला अपुरं वाटतं. कशाचं वेड आणि त्या वेडात दुसऱ्याला बसायला जागा आहे का, हे महत्त्वाचं.

कामाच्या ठिकाणी तर हे फारच. रॉबर्ट व्हॅलेरँड या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये पॅशनचे दोन प्रकार मांडले, एक बाकीच्या आयुष्याशी जुळवून घेणारी आणि दुसरी माणसालाच ताब्यात घेणारी. मी दुसऱ्या प्रकारच्या टीममध्ये चार वर्षं काढली. आमचे लीड हुशार, कामाला वाहिलेले, रात्री बारालाही तेवढेच ताजे, आणि मीटिंगमध्ये प्रचंड विनोदी. फक्त त्यांच्या प्रत्येक विनोदाला कुणीतरी एक लागायचं. एकदा नवीन आलेल्या मुलीने प्रेझेंटेशनमध्ये एक शब्द चुकीचा उच्चारला, तो त्यांनी उचलला आणि मग महिनाभर तो शब्द म्हणजे तिचं नाव झालं. तीपण हसायची. सगळे म्हणायचे किती स्पोर्टिंग आहे. पण मी तिच्या शेजारी बसायचे, आणि पहिल्या आठवड्यात वहीभर कल्पना लिहून आणणारी ती मुलगी हळूहळू मीटिंगला वही आणायचीच बंद झाली, हे मला दिसत होतं.

आणि मी हसत होते. मोठ्याने. मला विनोद आवडला होता म्हणून नाही, पुढचा नंबर माझा लागू नये म्हणून. हे लिहिताना आजही पोटात कसंतरी होतं.

परवाच्या त्या कुजबुजत्या भांडणानंतर मला झोप लागेना, आणि का कोण जाणे तीच मुलगी डोळ्यांसमोर येत राहिली. नंबर होता. सकाळी मेसेज केला, की तेव्हा मी हसायला नको होतं, सॉरी. संध्याकाळपर्यंत काही नाही. मग तिचा एक फोटो आला, टेबलावर उघडी वही, दोन्ही पानं तिच्या त्या बारीक तिरक्या अक्षराने भरलेली, आणि खाली लिहिलेलं, "ताई, दुसऱ्या कंपनीत आहे आता. इथे परत आणायला लागले."