‘तीन वर्षांत मशीन फुकट’: त्या फॉरवर्डमधलं गणित जरा उघडून बघूया

आमच्या बेळगावात उद्यमबाग, मच्छे, नावगे, होनगा, सगळीकडच्या वर्कशॉपवाल्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. बहुतेकांनी वाचला असेल, नसेल तर थोडक्यात सांगतो. 36 लाखांची व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं मशीन) घ्या, तासाला 450 रुपये रेट, दिवसाला 20 तास, महिन्याला 26 दिवस, म्हणजे वर्षाला 28 लाख. त्यातून 16 लाख खर्च गेला, 12 लाख हातात. तीन वर्षांत मशीन फुकट, पुढे सगळा नफा. एनपीव्ही (पुढे येणारे पैसे आजच्या किमतीत आणून त्यातून घातलेले वजा करायचे) वगैरे सीए लोकांचं पोट भरायचं काम आहे म्हणे. शिवाय काम देऊ म्हणून मोठ्या कंपनीचं पत्र असलं की रिस्क नाही, बँकेने लोन पास केलं म्हणजे प्रोजेक्ट व्हायबल, सबसिडी म्हणजे नफाच, दोन पर्यायात ज्याचा आयआरआर (गुंतवणुकीवरचा वर्षाचा टक्केवारी परतावा) जास्त तो घ्यायचा आणि एकदा पैसा घातला की मागे फिरायचं नाही.

मी कॉस्टिंग आणि प्रोजेक्ट रिपोर्टचं काम करतो, आणि गेले काही दिवस येईल तो माणूस हाच मेसेज मोबाईलवर दाखवतोय, म्हणून लिहायला बसलो.

पहिलं म्हणजे ते 20 तास. सगळी गोम तिथेच आहे. दोन शिफ्ट लावल्या म्हणजे स्पिंडल (मशीनमधला टूल फिरवणारा भाग) 20 तास फिरला असं होत नाही हो. सेटिंगला वेळ जातो, पहिला पीस इन्स्पेक्शनला जातो आणि क्वालिटीवाला येईपर्यंत मशीन गप्प, इन्सर्ट (टूलचं पातं) बदला, ऑफसेट मारा (टूलचं माप सुधारा), हेस्कॉमची लाईट गेली की परत मशीनचा रेफरन्स (शून्य बिंदू) घ्या, आणि कास्टिंगमध्ये अर्धं मशीनिंग झाल्यावर ब्लो होल (आतली हवेची पोकळी) उघडा पडला की तेवढा वेळ गेलाच, फाउंड्रीवाला कास्टिंग बदलून देतो पण तुमचे तास कोण देणार. 14 तास मिळाले तरी चांगलं म्हणायचं.

आता 20 चे 14 झाले म्हणजे 30 टक्के कमी, तर नफा पण 30 टक्के कमी होईल असं वाटतं ना? नाही होत. ते 16 लाख खर्च फोडा. समजा त्यातले 10 लाख ऑपरेटरचा पगार, शेडचं भाडं, एएमसी (देखभालीचा वार्षिक करार), लाईट बिलातला फिक्स्ड चार्ज, म्हणजे मशीन फिरो न फिरो द्यायचेच. उरलेले 6 लाख विजेचे युनिट, इन्सर्ट, कुलंटचे, ते तासाप्रमाणे कमी-जास्त होतात. 14 तासाला उत्पन्न साधारण 19 लाख 66 हजार, खर्च 10 अधिक 4 लाख 20 हजार. हातात उरले 5 लाख 46 हजार. तास 30 टक्क्यांनी कमी झाले आणि हातातला पैसा अर्ध्याच्या खाली आला! पेबॅक, म्हणजे घातलेले पैसे वसूल व्हायचा काळ, तीन वर्षांवरून साडेसहाच्या पुढे. मेसेजवाल्याने भागाकार बरोबर केलाय, फक्त जो आकडा सगळ्यात जास्त हलतो तोच त्याने खिळा ठोकून पक्का करून टाकलाय.

आणि हप्ता? तो मेसेजमध्ये कुठेच नाही. 36 पैकी 27 लाख लोन धरा, 11 टक्के, पाच वर्षं. महिन्याला 58 हजार 700 च्या आसपास, वर्षाला सात लाखाच्या वर. म्हणजे रोज जवळजवळ साडेपंधरा तास स्पिंडल फिरला तर नुसता हप्ता निघतो, मालकाला शून्य. 14 तासाला वर्षाकाठी दीड लाखाच्या वर खिशातून घालायचे. मशीन घेताना ‘अवर रेट किती मिळेल’ हे सगळे विचारतात, ‘किती तासाला हप्ता सुटतो’ हे विचारणारा क्वचितच भेटतो.

मशीनची किंमत म्हणजे गुंतवणूक, ही पण अर्धीच गोष्ट. 18 टक्के जीएसटी आधी भरायचा, तो क्रेडिटमध्ये येतो खरा पण हळूहळू. आणि कस्टमर पैसे कधी देतो? कायद्यात 45 दिवसांची मुदत आहे, 2006 चा एमएसएमई कायदा, कागदावर छान आहे. पण 90 दिवसांनी चेक आला तर वर्षाच्या 28 लाखांतले 7 लाख कायम बाजारात अडकलेले. ते मशीनच्या किमतीत मिळवूनच हिशोब करायचा, नाहीतर तिसऱ्या महिन्यात पगाराला सोनं तारण ठेवायची वेळ येते.

बरं, आता एनपीव्ही फालतू आहे का ते बघू. समजा व्हीएमसीऐवजी एकाच पार्टसाठीचं एसपीएम (स्पेशल पर्पज मशीन) घेतलं, तेही 36 लाखांचं, वर्षाला 14 लाख 40 हजार देतं. पेबॅक अडीच वर्षं. मेसेजच्या नियमाने व्हीएमसीपेक्षा भारी! पण तीन वर्षांनी तो पार्टच बंद झाला तर? एकूण 43 लाख 20 हजार आले, म्हणजे 7 लाख कमावले असं वाटतं. पैशाला 12 टक्के भाव धरला तर पहिल्या वर्षाचे 14.4 आजचे 12.86 लाख, दुसऱ्याचे 11.48, तिसऱ्याचे 10.25. बेरीज 34 लाख 59 हजार. घातले 36. तीन वर्षांनी भंगाराचे लाख-दीड लाख आले तरी आजच्या किमतीत ते फार तर लाखभर, म्हणजे तोटाच, आणि पेबॅक मात्र अडीच वर्षं दाखवतोय. पेबॅकला पैसे वसूल झाल्यानंतरचं काही दिसतच नाही, मशीन पुढे दहा वर्षं चालणार की सहा महिन्यांत झाकून ठेवायचं, त्याला दोन्ही सारखंच. आणि पार्ट बंद होतात की ओ. 1 एप्रिल 2020 ला गाड्यांच्या प्रदूषणाचं बीएस-6 मानक आलं आणि नवीन दुचाकीतला कार्बोरेटर जवळपास गेलाच. नुसत्या कार्बोरेटर बॉडीसाठी ज्याने एसपीएम लावलं असेल त्याला विचारा पेबॅक. आता इलेक्ट्रिक गाड्या येतायत, त्यात क्रँकशाफ्टही नाही आणि व्हॉल्व्हही नाही.

मोठ्या कंपनीचं पत्र. पत्र वेगळं, पीओ (खरेदीची ऑर्डर) वेगळी, आणि महिन्याचं शेड्यूल आणखी वेगळं. आणि पक्का करार असला तरी समोरचा पैसे देऊ शकतो का हे बघायचं. एन्रॉनच्या दाभोळ वीज प्रकल्पाचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. वीज घेतली नाही तरी पैसे द्यायचे असा करार, पहिला 740 मेगावॅटचा टप्पा 1999 ला सुरू झाला, आणि वीज इतकी महाग पडली की 2001 मध्ये महाराष्ट्र वीज मंडळाने ती घेणंच थांबवलं, प्रकल्प बंद पडला, त्याच वर्षी डिसेंबरात एन्रॉनही दिवाळखोरीत. कागदावर परतावा पक्का होता, देणाऱ्याच्या खिशात तेवढा पैसा नव्हता.

बँकेबद्दल काय बोलू. बँक बघते तिचे पैसे परत येतील का, तारण आहे का. तुम्हाला काय उरेल हा तिचा प्रश्नच नाही. आणि खरं सांगायचं तर पुष्कळ रिपोर्ट उलटे बनतात, डीएससीआर (हप्त्याच्या किती पट पैसा हातात येतो ते) दीडच्या वर दाखवायचा असतो म्हणून कपॅसिटी युटिलायझेशन (क्षमतेचा वापर) 80 टक्के टाईप केलेलं असतं. मग तोच रिपोर्ट हातात धरून मालक म्हणतो बघा, बँकेनेच मान्य केलंय. अहो, तो आकडा आपणच बँकेला दिला होता की!

सबसिडीचं एवढंच, पीएमईजीपी (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम) सारख्या योजनेत ती रक्कम तीन वर्षं बँकेत टीडीआर (मुदत ठेव) म्हणून पडून असते. तेवढ्या भागावर व्याज लागत नाही हा फायदा आहेच, पण पहिल्या वर्षीच्या पगाराला ती कामाला येत नाही. जो प्रोजेक्ट सबसिडी काढली की उताणा पडतो तो करूच नये, हे माझं मत.

आयआरआरच्या मुद्द्यावर मेसेजवाला अर्धा बरोबर आहे. पाच लाखांच्या फिक्स्चरवर (मशीनवर पार्ट पकडून ठेवायचं साधन) 60 टक्के आणि 36 लाखांच्या मशीनवर 20 टक्के, तर टक्के बघून मशीन सोडू नका, रुपयात मशीन जास्त देऊ शकतं. पण आपल्याकडे पैसा मोजकाच असतो, तेव्हा आधी फिक्स्चर करा, असलेल्या मशीनचे 14 तासांचे 16 होतायत का बघा. कित्येकदा नवीन मशीनची गरजच उरत नाही.

आणि ते ‘मागे फिरायचं नाही’. परवा एक जण विचारूलालाय, शेड आणि फाउंडेशनला आठ लाख गेलेत, ऑर्डर निम्म्यावर आली, आता काय करू. त्याला एवढंच म्हटलं, ते आठ लाख दोन्हीकडून गेलेच, मशीन घेतलं तरी आणि नाही घेतलं तरी. आता यापुढे किती घालणार आणि त्यावर किती येणार तेवढंच मांड, आणि शेड भाड्याने दिली तर काय मिळेल ते पण एका ओळीत लिही. सध्या तो शेडचं भाडं विचारत फिरतोय, मशीनचा ॲडव्हान्स अजून दिलेला नाही.