सावित्रीचे पाणी आणि नगरपालिकेची हद्द

महाडच्या बाजारपेठेतल्या आमच्या दुकानात आतल्या भिंतीवर तेलरंगाने ओढलेल्या दोन आडव्या रेघा आहेत. खालची रेघ जुलै २००५ ची, उंबऱ्यापासून साडेसहा फुटांवर. वरची २२ जुलै २०२१ ची, नऊ फुटांच्या किंचित वर. दोन्ही काकांनी ओढल्या. दुसऱ्या वेळी चिखल काढून भिंत धुतल्यावर ती वाळण्याचीही वाट त्यांनी पाहिली नाही, त्यामुळे त्या रेघेचा रंग दोन-तीन ठिकाणी खाली ओघळला आहे आणि तो आम्ही तसाच राहू दिला आहे.

पुराचा विषय निघाला की मुंबई-पुण्याकडची माणसे सहज म्हणून जातात, "नदीच्या पात्रात गाव वसवलेत, मग पाणी येणारच." हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत इतक्या वेळा ऐकले आहे की त्याला एकदा सविस्तर उत्तर द्यावे असे मनात होते. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे, की महाड चुकीच्या जागी वसलेले नाही. ते अतिशय विचारपूर्वक निवडलेल्या जागी वसलेले आहे. चूक झाली आहे ती पुढे, नदीचे खोरे एक असताना त्याचा कारभार वेगवेगळ्या हद्दींत वाटून टाकण्यात.

आधी जागेविषयी. सावित्रीचा उगम महाबळेश्वरला. क्षेत्र महाबळेश्वरच्या देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि सावित्री अशा पाच नद्यांचे उगम मानले जातात. त्यांतली आपली सावित्री पश्चिमेचा कडा उतरून पोलादपुराकडे येते. महाबळेश्वरची उंची सुमारे १,३७० मीटर, आणि तिथून महाडचे सरळ अंतर जेमतेम ३० किलोमीटर. एवढ्या थोड्या अंतरात नदी जवळजवळ समुद्रसपाटीला येऊन टेकते. पुढे बाणकोटच्या मुखापर्यंत सरळ रेषेत मोजले तरी ४० किलोमीटर राहतात, पण त्या सबंध टप्प्यात तिला उतार म्हणावा असा नाहीच. तिथे नदीपेक्षा समुद्राची सत्ता जास्त चालते. भरतीचे पाणी खाडीतून आत शिरते ते महाडपर्यंत येते, आणि जिथे भरती संपते तिथेच आमचे गाव सुरू होते.

गलबतांच्या काळात अशा जागेची किंमत काय होती, हे आज महामार्गावरून जाताना कळणार नाही. समुद्रातून आलेला माल भरतीबरोबर जितका आत आणता येईल तितका आणायचा आणि तिथून बैलांच्या पाठीवर लादून घाट चढवायचा, हा कोकणातल्या व्यापाराचा जुना शिरस्ता. महाडच्या मागे वरंधा घाट आहे, पार घाट आहे, मढे आणि शेवत्यासारख्या घाटवाटा आहेत. मीठ, सुकी मासळी आणि नारळ वर जात. गूळ, मिरची, कांदा खाली येत. आमच्याकडच्या सुकट गल्लीचे नाव याच उलाढालीतून उरले आहे, आणि भोई घाट हे नाव नदीवर पोट भरणाऱ्यांचे आहे. ज्या गल्ल्यांत आज पहिल्यांदा पाणी शिरते, त्याच गल्ल्यांनी एके काळी गावाला पोसले, कारण त्या पाण्याच्या सर्वांत जवळ होत्या.

ही निवड कालपरवाची नाही. गांधारी जिथे सावित्रीला मिळते त्याच्या जवळच्या डोंगरात गांधारपाले येथे बौद्ध लेणी कोरलेली आहेत, आणि नदीपलीकडे कोल येथेही लेणी आहेत. इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत भिक्खूंचे विहार व्यापारी वाटांच्या आधाराने उभे राहत. वाट नसेल तिथे एवढा मोठा लेणीसमूह कोणी कोरला नसता. शिवाजी महाराजांनी राजधानीसाठी रायगड निवडला, तेव्हा त्या राजधानीच्या पायथ्याशी समुद्राकडे जाणारा जलमार्ग होता तो हाच. पेशवाईत १७९६ साली पुण्यातले वारे फिरल्यावर नाना फडणवीस इथे महाडला येऊन राहिले आणि इथूनच त्यांनी आपले डाव पुन्हा मांडले. १८०२ च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांकडून पराभव झाल्यावर दुसरा बाजीराव पळाला तो याच वाटेने. महाड, मग सुवर्णदुर्ग आणि अखेर वसई. संकटात सापडलेल्या माणसाला घाटाकडे आणि समुद्राकडे अशा दोन्ही बाजूंना दार उघडे असणारी जागा हवी असते. महाड ती होती. अशा गावाला "नदीच्या पात्रात वसवलेले" म्हणणे म्हणजे बंदराला समुद्राच्या फार जवळ असल्याचा दोष देणे आहे.

आता कारभाराविषयी. महाडची नगरपालिका एकोणिसाव्या शतकातली. २०११ च्या जनगणनेतही गावाची लोकसंख्या तीस हजारांच्या आतच होती, पण या छोट्या नगरपालिकेच्या कागदांनी देशाच्या इतिहासात जागा मिळवली आहे. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असे ठरले. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. ठराव झाला, वहीत लिहिला गेला, आणि तीन वर्षे तळ्याच्या पायऱ्यांवर काहीही बदलले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह परिषदेच्या मंडपातून चालत तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले, तेव्हा कुठे तो ठराव खरा झाला. त्या दिवशी परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले, आणि नंतर तळे "शुद्ध" करण्यासाठी त्यात पंचगव्याचे घडे ओतले गेले, हेही याच गावात घडले. आम्हा महाडकरांनी पहिल्या गोष्टीचा अभिमान सांगताना दुसरी गाळू नये, असे मला मनापासून वाटते.

त्यानंतर ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. डिसेंबरात दुसरी परिषद भरायची होती तेव्हा सभेला जागा मिळेना. शेवटी एका मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. तळे आमच्या खाजगी मालकीचे आहे असा दावा काही सवर्णांनी न्यायालयात लावला आणि ते प्रकरण दहा वर्षे चालले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, की अस्पृश्यांना वगळण्याची अनादी काळापासूनची वहिवाट सिद्ध झालेली नाही. या खटल्यात तळे कोणाचे, त्याची जबाबदारी कोणाची आणि त्यावर कोणाचा अधिकार, हे प्रश्न साक्षीपुराव्यांनिशी तपासले गेले. नदीच्या बाबतीत हे प्रश्न अजून कोणी तसे तपासलेले नाहीत.

कारण नदीच्या बाबतीत नगरपालिकेच्या हाती फार थोडे आहे. गावाच्या हद्दीत सावित्रीचा आणि गांधारीचा जेवढा काठ येतो तेवढाच तिचा. पाणी येते ते सातारा जिल्ह्याच्या माथ्यावरून. ते तुंबते ते खाली खाडीकडे, दासगावच्या बाजूला, नगरपालिकेच्या हद्दीबाहेर. महामार्गाचे खाते निराळे, रेल्वे केंद्राची, खाडीतला गाळ आणखी निराळ्या खात्याचा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा १९२८ चा दगडी पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या, तेव्हा आम्ही काठावर उभे होतो. पण त्या पुलाच्या एका दगडावरही महाडच्या नगरपालिकेचा अधिकार नव्हता. नवा पूल वर्षभराच्या आत उभा राहिला, आणि मनात आणले तर किती वेगाने काम होते हेही आम्ही पाहिले.

२०२१ च्या त्या दिवशी आषाढीला दोन दिवस झाले होते, म्हणजे त्रयोदशी. कोकणात भरतीचा हिशेब तिथीवरून करतात: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. तेराची पाऊणपट पावणेदहा. बाणकोटला पावणेदहाच्या सुमारास भरती, आणि ती खाडीतून चढत इकडे पोहोचायला आणखी काही वेळ. पौर्णिमा दोन दिवसांवर, म्हणजे उधाणाचे दिवस. काका माळ्यावर तांदळाच्या गोण्यांवर बसून बॅटरीच्या उजेडात हा हिशेब मोठ्याने करत होते आणि खाली पाणी एकेक फळी गिळत वर येत होते. "आता भरती लागलीय," ते म्हणाले, "ओहोटीशिवाय हे हलायचं नाही." त्या चोवीस तासांत महाबळेश्वरला जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस पडला, हे आम्हाला नंतर कळले. पुण्यात सबंध पावसाळ्यात साधारण इतकाच पडतो. तेवढे पाणी तीसेक किलोमीटरच्या उतारावरून खाली आले, रायगडाकडून गांधारीने आणि बिरवाडीकडून काळ नदीने आपापली भर घातली, आणि समोरून उधाणाने दार लावून घेतले.

पाणी उतरल्यावर जे राहते त्याचे वर्णन वर्तमानपत्रात येत नाही. चिखल म्हटल्यावर लोकांना शेतातला चिखल आठवतो. हा तसा नसतो. तो साबणासारखा गुळगुळीत असतो, कपाटाच्या बिजागऱ्यांत आणि तराजूच्या काट्याखाली शिरतो, आणि भिजून फुगलेल्या तांदळाबरोबर तिसऱ्या दिवशी त्याला जो आंबूस वास सुटतो तो दिवाळीपर्यंत जात नाही. आमच्या उधारीच्या वह्या गेल्या. गिऱ्हाइकांपैकी बहुतेकांनी आठवेल तेवढे पैसे स्वतः आणून दिले, हे इथे नोंदवून ठेवणे मला आवश्यक वाटते. पुराच्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली होती. त्यामुळे मालाच्या नुकसानीबद्दल आमच्या गल्लीत कोणी फारसे बोलले नाही. २००५ मध्ये जुई, दासगाव, रोहन आणि कोंडिवते या गावांनी हेच भोगले होते.

मग करायचे काय? नदीकाठाने उंच भिंत बांधावी, असे एक मत गावात आहे. मला ते धोक्याचे वाटते. गांधारीचे आणि गावातल्या ओढ्यांचे पाणी भिंतीच्या आत अडकले तर ते बाहेर काढायचे कसे? माझ्या मते पहिले काम खाली, समुद्राच्या बाजूला आहे. दासगावजवळ खाडीच्या पट्ट्यात कोकण रेल्वेचा मातीचा भराव आहे आणि त्यात पाणी जाण्यासाठी आणखी मोकळे गाळे ठेवावेत, ही महाडकरांची जुनी मागणी आहे. नदीतल्या बेटांवर साचलेला गाळ काढण्याचे काम २०२१ नंतर सुरू झाले, ही चांगली गोष्ट. पण गाळ दर पावसाळ्यात येतो, म्हणून तो काढण्याचे कामही दर उन्हाळ्याचे असले पाहिजे आणि किती काढला, कुठे टाकला याचा हिशेब लोकांसमोर लागला पाहिजे. काढलेला गाळ पुन्हा काठालाच रचलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे.

दुसरे काम भरावाचे. निळ्या आणि लाल पूररेषेमुळे, म्हणजे पूर कुठवर येतो हे दाखवून आतल्या बांधकामावर बंधने घालणाऱ्या सरकारी रेघांमुळे, जुन्या बाजारपेठेतल्या माणसाला पडके घर बांधायलाही परवानगीसाठी झगडावे लागते; आणि तिकडे गावाबाहेर महामार्गालगतची सखल भातशेते, जिथे पूर्वी पुराचे पाणी निवांत पसरत असे, ती ट्रकच्या ट्रक माती ओतून उंच केली जातात. त्या शेतांतून हुसकलेले पाणी कुठेतरी जाणारच, आणि ते सुकट गल्लीत येते. हा अन्याय आहे, आणि तो पावसाच्या माथी मारता येणार नाही.

तिसरे, सूचना. महाडला सावित्रीची इशारा पातळी ६ मीटर आणि धोका पातळी साडेसहा मीटर आहे. पाणी चढू लागले की नगरपालिकेचा भोंगा वाजतो आणि बाजारपेठेतली माणसे माल माळ्यावर चढवू लागतात. पण भोंगा महाडचे पाणी पाहून वाजला तर हातात तास-दोन तास राहतात. महाबळेश्वर, प्रतापगडचा उतार आणि पोलादपूर इथला पाऊस दर तासाला आमच्या नगरपालिकेपर्यंत पोहोचला आणि तो बाणकोटच्या भरतीच्या वेळेशी जोडून वाचला गेला, तर अर्धा दिवस मिळू शकतो. काकांनी माळ्यावर बसून बोटांवर केलेला हिशेबच अधिक चांगल्या आकड्यांनिशी करायचा आहे. त्यासाठी माथ्यापासून मुखापर्यंत सबंध खोऱ्याचा एकत्र विचार करणारी, अधिकार असलेली एक यंत्रणा हवी आणि तिच्यात महाड, पोलादपूर, खाडीकाठची गावे या सर्वांची माणसे हवीत. वहीत ठराव लिहून ठेवल्याने काय होते आणि काय होत नाही, हे महाडला कोणी वेगळे शिकवायला नको.

एक विनंती करून थांबतो. ज्यांच्या घरात किंवा दुकानात २००५ ची अथवा २०२१ ची पुराची खूण अजून शिल्लक आहे, त्यांनी रंगकाम काढण्यापूर्वी ती उंबऱ्यापासून फूटपट्टीने मोजून गल्लीच्या नावासह इथे लिहावी. दस्तुरी नाका, भोई घाट, दादली पुलाचा रस्ता, कोट आळी, काकरतळे, जिथली असेल तिथली. सर्व मापे एका नकाशावर मांडून मी ती नगरपालिकेत नेऊन देणार आहे. आमची मापे वर दिलीच आहेत. बाजारपेठेतल्या शेजारच्या दोन दुकानांची मी काल मोजली, ती आमच्यापेक्षा चार-चार बोटे खाली आहेत, कारण त्यांचा उंबरा उंच आहे.