सिस्टरला कोण मारणार?

गेल्या आठवड्यात एक मजकूर आधी आमच्या जुन्या सिस्टर लोकांच्या ग्रुपवर आला, दुपारी जुळे सोलापुरातल्या भाच्याच्या सोसायटीत पोचला आणि रात्री भिशीच्या ग्रुपवरही उगवला. थोडक्यात असा: ‘नर्स, लेडी डॉक्टर, आशाताई शिकलेल्या, कमावत्या. कायदा त्यांना पाठ. त्यांना नवरा मारतो हे थोतांड. मारत असेल तर गप्प का बसतात? आणि घरचं भांडण ड्युटीवर आणू नये, पेशंटचे हाल होतात. हे डॉ. कोटणीसांचं सोलापूर आहे.’

डॉ. कोटणीस १९१० साली इथे जन्मले, चीनमध्ये युद्धातल्या जखमींवर उपचार करायला गेले आणि १९४२ साली तिथेच वारले. त्यांना यात का ओढलं ते लिहिणाराच जाणे. बाकीच्याचं बोलू. तीस वर्षं वॉर्डात काढलीत मी.

शिकलेल्या म्हणून सुटल्या, हे अर्धं खरं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत अजिबात न शिकलेल्या विवाहित बायकांपैकी ४० टक्के जणींनी नवऱ्याकडून मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती झाल्याचं सांगितलं. बारावी किंवा पुढे शिकलेल्यांत हा आकडा १८. म्हणजे शिक्षणानं कमी होतं, संपत नाही. आपल्या राज्याचा आकडा सुमारे २५, चारात एक. मेलबर्नच्या एका रुग्णालयातल्या ४७१ महिला कर्मचाऱ्यांची पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. त्यात दहातल्या एकीला तरी मागच्या बारा महिन्यांतच जोडीदाराकडून त्रास झाला होता. आणि हे कुठल्या खेड्यातलं नव्हे.

कमाईचं तर उलटंच. आमच्याकडे एक सिस्टर होती, पगार एक तारखेला जमा व्हायचा आणि तीन तारखेला ती सात रस्ता चौकापर्यंतच्या रिक्षासाठी मावशींकडून वीस रुपये उसने घ्यायची. एटीएम कार्ड नवऱ्याच्या पाकिटात. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळ हा शब्द आहे, तो नेमका यासाठी. ‘कमावती’ म्हणताना कमावते कोण आणि खर्चतो कोण, एवढं तरी विचारावं.

कायदा पाठ असतो, हे मात्र खरं. एमएलसी, म्हणजे मारहाणीच्या जखमांची पोलिसांसाठीची नोंद, कशी करायची, पोलीस चौकीला कसं कळवायचं, कुठली जखम कशी लिहायची, सगळं हातातलं काम. अडचण तिथेच आहे. तिची एमएलसी लिहिणार कोण? कॅज्युअल्टीतली तिचीच मैत्रीण. रजिस्टर उघडणार कोण? काल ड्युटी बदलताना जिच्याकडून ओव्हर, म्हणजे वॉर्डाचा ताबा, घेतली ती. संध्याकाळपर्यंत लिफ्टमनलाही कळणार.

तीच सिस्टर एप्रिलमध्ये स्वेटर घालून यायची. सोलापूरचा एप्रिल, पारा बेचाळीसच्या वर, वॉर्डात पंखे गरम वारा फेकतायत, आणि हिच्या अंगात पूर्ण बाह्यांचा मरून स्वेटर. ‘अंगात कणकण आहे,’ म्हणायची. आमच्या युनिफॉर्मला अर्ध्या बाह्या. एकदा सलाईन लावताना बाही वर सरकली. दंडावर चार बोटं उमटलेली, एक जुनं पिवळं, तीन ताजी. मी बघितलं हे तिनं बघितलं. ‘बाथरूममध्ये पाय घसरला, सिस्टर.’ हेच वाक्य आम्ही दोघींनी शेकडो पेशंटांच्या तोंडून ऐकलेलं, आणि केसपेपरवर निमूटपणे लिहिलेलं. मीही त्या दिवशी काही विचारलं नाही. आज त्याची लाज वाटते.

पुढे एकदा तिचा आवाज बसला होता, गिळायला त्रास होत होता. गळा दाबला गेला की असं होतं आणि गळा दाबलेल्या बाईच्या जिवाचा धोका पुढे कैकपटीनं वाढतो, हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं. माहीत असून ती घरीच गेली.

गप्प का? त्याच राष्ट्रीय पाहणीत, मार खाल्लेल्या बायकांपैकी ७७ टक्के जणींनी कुणाला म्हणून सांगितलेलं नाही. यात सिस्टरला वेगळी भीती: ‘नाइट कुणाबरोबर असते गं तुझी?’ हा प्रश्न आधीच घरात बसलेला असतो. कोर्टाचं म्हणाल तर त्या २००५ च्या कायद्यात पहिली तारीख तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा असं लिहिलंय. पण तारखांना जायचं कधी? सरकारी नोकरीत वर्षाला आठ सीएल, म्हणजे किरकोळ रजा. कंत्राटीला त्याचीही शाश्वती नाही. आशाताई तर कागदावर स्वयंसेविका, तिनं कुणाकडे रजा मागायची?

आता ड्युटीचं. ही सिस्टर सलग नाइट मागून घ्यायची. आम्ही चेष्टा करायचो, हिला नाइट ऑफ, म्हणजे नाइटनंतरच्या सुट्ट्या, साठवायचेत म्हणून. दोन वर्षांनी कळलं, नवरा रात्री पिऊन यायचा. रात्रीपुरता वॉर्ड हीच तिची सुरक्षित जागा होती. घरचं ड्युटीवर तो आणायचा: गेटवर उभा राहून, वॉर्डच्या फोनवर दहा-दहा वेळा फोन करून. अशा रात्री ती इन्सुलिनची सिरिंज दोनदा उजेडात धरून बघायची, मग दुसरीलाही दाखवायची. पेशंटचे हाल होऊ नयेत म्हणून किती जपायची, ते फॉरवर्ड करणाऱ्याला काय कळणार.

रुग्णालयात नातेवाइकानं सिस्टरवर हात टाकला तर २०१० च्या राज्याच्या कायद्यानं तो अजामीनपात्र गुन्हा. आपण काळ्या फिती लावतो, लावायलाच हव्यात. पण तोच हात घरी पडला की ती खासगी बाब. फिलिपिन्समध्ये २००४ पासून अशा बाईला दहा दिवसांची पगारी रजा आहे, न्यूझीलंडमध्ये २०१९ पासून. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात घरी मार सोसणाऱ्या बायकांसाठी ‘दिलासा’ केंद्र चालतं, तिथे नर्सेसनाच समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं गेलं.

इन्चार्ज भगिनींना एक सांगते. ड्युटी लिस्ट आपण पेन्सिलीनं लिहितो, ती खोडता येते. कुणी सलग नाइट मागितली तर आधी चहाला बसवा, मग विचारा. आणि ‘मला पगार आहे, मला कोण फुकट वकील देणार’ असं ती म्हणाली तर सांगा: जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून कुठल्याही बाईला, पगार कितीही असो, मोफत वकील मिळतो. महिला हेल्पलाइन १८१. नंबर नोटीस बोर्डावर नको, चेंजिंग रूमच्या दाराला आतून चिकटवा.