परक्या देशाचं राष्ट्राध्यक्षपद कसं पटकवावं

स्वतःच्या देशात नगरसेवकपदाचंही तिकीट मिळत नाही? नाउमेद होऊ नका. एकोणिसाव्या शतकातल्या, अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या विल्यम वॉकरचा कित्ता गिरवा आणि थेट दुसऱ्याच देशाचे राष्ट्राध्यक्ष व्हा.

आधी भरपूर शिका. वॉकर एकोणिसाव्या वर्षी डॉक्टर झाला, मग वकील, मग संपादक. एकाही धंद्यात टिकू नये, म्हणजे राजकारणाला मोकळे राहता. मग छोटा सराव करा. त्याने 1853 मध्ये पंचेचाळीस माणसं घेऊन मेक्सिकोतलं ला पाझ गाठलं, प्रजासत्ताक जाहीर केलं आणि अध्यक्षही स्वतःच झाला. पुढे सोनोरा प्रांत तर तिथे पोहोचण्याआधीच कागदावर जोडून टाकला. त्यासाठी अमेरिकेत खटला झाला, पण सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्युरीने आठ मिनिटांत निर्दोष सोडलं. चहा गार व्हायलाही याहून जास्त वेळ लागतो.

आता आपसात भांडणारा देश हुडका. मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वात लिऑन शहराचे उदारमतवादी आणि ग्रानादा शहराचे सनातनी एकमेकांच्या जिवावर उठले होते. लिऑनवाल्यांनी मदतीला बोलावलं आणि 1855 मध्ये वॉकर साठेक माणसांनिशी उतरला. आयत्या बिळावर नागोबा! काही महिन्यांत ग्रानादा घेतलं. पात्रिसियो रिवासला बाहुलं म्हणून अध्यक्ष केलं. बाहुलं फिरल्यावर, जुलै 1856 मध्ये, स्वतःच शपथ घेतली. निवडणूक घ्यायला हरकत नाही, फक्त ती आपल्या ताब्यातल्या भागातच घ्यावी.

सत्ता आली की सुधारणा करा. 1824 मध्ये बंद झालेली गुलामगिरी त्याने सप्टेंबरमध्ये पुन्हा कायदेशीर केली, म्हणजे अमेरिकेतले दक्षिणेचे जमीनदार खूश. शेजारी एकत्र आले, तर तो तुमच्याच मुत्सद्देगिरीचा विजय माना. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारी मध्य अमेरिका त्याच्याविरुद्ध एकदिलाने उभी राहिली. राजधानी सोडावी लागलीच तर जाळून जा. त्याच्या माणसांनी ग्रानादाची राख केली आणि ‘इथे ग्रानादा होतं’ अशी पाटी मागे ठेवली. किती ती हौस!

एक पथ्य मात्र पाळा. देश लुबाडा, पण कंपनीला हात लावू नका. न्यूयॉर्कहून कॅलिफोर्नियाला निघालेले सोन्याचे भुकेले निकाराग्वाच्या सरोवरातून व्हँडरबिल्ट या अमेरिकी धनाढ्याच्या कंपनीच्या बोटींनी जायचे. वॉकरचे नवे भाडोत्री शिपाईही त्याच मार्गाने यायचे. त्याने कंपनीचा परवाना रद्द करवला आणि व्हँडरबिल्टच्या प्रतिस्पर्ध्यांना दिला. मग व्हँडरबिल्टचा माणूस कोस्टा रिकाच्या सैन्याबरोबर आला, सान हुआन नदीवरच्या बोटी ताब्यात घेतल्या आणि रसद तुटली. मे 1857 मध्ये राष्ट्राध्यक्ष अमेरिकी नौदलाला शरण.

न्यूयॉर्कमध्ये मात्र जंगी स्वागत झालं. या पराक्रमावर त्याने पुस्तक लिहिलं, तेही ‘वॉकर म्हणाला, वॉकरने केलं’ अशा थाटात. मग 1860 मध्ये पुन्हा स्वारी, या वेळी होंडुरासच्या किनाऱ्यावर. तिथे ब्रिटिश कप्तान सॅमनच्या हाती पडला. इंग्रजांकडे शरण गेलो म्हणजे सुटलो, अशी त्याची समजूत. कप्तानाने त्याला होंडुरासच्या हवाली केलं आणि 12 सप्टेंबरला त्रुहियोला त्याला गोळ्या घातल्या. वय छत्तीस. तेव्हा शरण जाताना पुढे कोणाच्या ताब्यात देणार, एवढं आधी लेखी घ्या.