उंबरठा बाहेरून पाहिल्याबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय सर,

'दाखल्यावाचून दाराबाहेर' या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी तीन वेळा वाचली. पहिल्या वेळी राग आला, दुसऱ्या वेळी थोडा कमी आला आणि तिसऱ्या वेळी पुन्हा पहिल्याइतकाच आला, म्हणून उत्तराला चार दिवस लागले. ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो की त्यात माझ्या मागण्या दोनच होत्या. बालगृहातून, नातेवाइकांच्या अथवा परक्या कुटुंबाच्या सांभाळातून किंवा पुलाखालच्या पालातून शाळेत येणाऱ्या मुलाला कागदांची वाट न पाहता त्याच दिवशी वर्गात बसवावे, ही पहिली. आणि प्रत्येक शाळेत अशा मुलांची जबाबदारी एका ठरावीक शिक्षकाकडे सोपवावी, ही दुसरी. त्यावर आपले आक्षेप चार आहेत. लेखातला आकडा जुना आहे, शिक्षकांवर अशैक्षणिक कामांचा भार आधीच पुष्कळ आहे, एका शिक्षकाच्या हाती अशी यादी दिली की त्या मुलांवर शिक्का बसतो, आणि चौथा आपल्याच शब्दांत, "ज्यांनी शाळेचा उंबरठा बाहेरूनच पाहिला त्यांनी मुख्याध्यापकांना कायदा शिकवू नये."

आकड्याबाबत आपण बरोबर आहात. निराधार मुलाला कुटुंबात सांभाळण्यासाठी सरकार मदत देते त्या बाल संगोपन योजनेचे अनुदान दरमहा १,१०० रुपये असे मी लिहिले होते. ते २०२३ मध्ये वाढून २,२५० रुपये झाले आणि योजनेच्या नावात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव जोडले गेले. लेखात दुरुस्ती केली आहे आणि ती आपण सुचवल्याचेही नमूद केले आहे. चूक मान्य करायला मला कधी जड गेले नाही.

आता उंबरठ्याकडे येतो. हे वाक्य एखाद्या उतावळ्या तरुणाने लिहिले असते तर मी सोडून दिले असते. परंतु आपण आरंभीच 'बत्तीस वर्षांची सेवा, त्यांतील अकरा मुख्याध्यापक म्हणून' असा परिचय दिला आहे, आणि एवढ्या सेवेनंतर माणसाच्या लेखणीतून असे वाक्य उतरते तेव्हा ते सहज उतरलेले नसते. मुद्दा चुकला म्हणा, पुरावा अपुरा म्हणा, मी ऐकून घेईन. बोलणारा कोण हे आधी विचारायचे आणि मग त्याचे बोलणे ऐकायचे की नाही ते ठरवायचे, ही रीत मात्र शिक्षकाला शोभत नाही.

शिवाय योगायोग असा की आपले वाक्य शब्दशः खरे आहे. मी शाळेचा उंबरठा बाहेरूनच पाहिला, सलग अकरा दिवस. साल १९७४, महिना जुलै, वय वर्षे नऊ. आई गेली होती, वडील त्याआधीच परागंदा झाले होते, आणि मामाने मला तालुक्याच्या गावी एका संस्थेत आणून सोडले होते. संस्थेच्या अधीक्षकांनी मला जवळच्या शाळेत नेले. तेथील मुख्याध्यापकांनी दाखला मागितला. दाखला गावच्या शाळेत होता, गावचे गुरुजी रजेवर होते आणि त्यांच्या कपाटाची किल्ली त्यांच्याजवळच होती. 'दाखला येईपर्यंत बसू द्या याला इथे,' असे म्हणून मला व्हरांड्यात पाण्याच्या पिंपाशेजारी बसवण्यात आले. चौथीच्या वर्गाची खिडकी तिथून दिसत असे. एकोणतीसचा पाढा मी त्या खिडकीतून ऐकून पाठ केला. तो अजून पाठ आहे, पटावर मात्र माझे नाव नव्हते. बाराव्या दिवशी टपालाने दाखला आला, त्यात वडिलांचे नाव चुकीचे लिहिलेले होते, आणि ते दुरुस्त करून आणायला कुणी नसल्यामुळे तेच चुकीचे नाव माझ्या एस.एस.सी.च्या प्रमाणपत्रावर आजही आहे. मुख्याध्यापक दुष्ट नव्हते. त्यांनी मला एकदा स्वतःच्या डब्यातले धपाटेही दिले. पण वर्गात घेतले नाही.

आपण कदाचित म्हणाल की त्या काळी नियमच तसा होता. होता, म्हणूनच तो बदलावा लागला. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम ५ प्रमाणे आधीच्या शाळेच्या मुख्याध्यापकाने दाखला तत्काळ द्यायचा असतो, तो यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही, आणि दाखला देण्यात दिरंगाई करणारा मुख्याध्यापक शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो. वयाचा पुरावा नसला तरी प्रवेश नाकारता येत नाही असे कलम १४ मध्ये, तर प्रवेशाची मुदत उलटून गेली तरी नाकारता येत नाही असे कलम १५ मध्ये सांगितले आहे. निराधार मुलाला कुठे ठेवायचे ते बालकल्याण समिती ठरवते, आणि तिचा आदेश शैक्षणिक वर्षाचे वेळापत्रक पाहून निघत नसतो. मूल नोव्हेंबरात सापडते, डिसेंबरात दुसऱ्या जिल्ह्यातल्या बालगृहात पाठवले जाते, आणि जानेवारीत ते आपल्यासारख्यांच्या टेबलापुढे उभे असते. परिपत्रके वाचण्याची आपल्याला सवय असेलच. सोबत मूळ अधिनियमही वाचला असता तर माझ्याकडून शिकण्याचा कमीपणा आपल्याला सोसावा लागला नसता.

आणि हो, कायदा मी घरी बसून वाचलेला नाही. १९८८ ते २०२३ अशी पस्तीस वर्षे (आपल्यापेक्षा तीन अधिक) मी पाचवी ते दहावीच्या एका अनुदानित शाळेत लिपिक होतो. लिपिकाला शाळेतला माणूस म्हणून मोजण्याची पद्धत नाही, हे मला ठाऊक आहे, आणि आपण मोजले नाही यात म्हणून नवल वाटले नाही. परंतु प्रवेश घेतलेल्या प्रत्येक मुलाची नोंद होते ते जनरल रजिस्टर माझ्या हातात असे, दाखले मी लिहीत असे, आणि दाराशी आलेल्या मुलाला पहिला प्रश्न मीच विचारत असे. २०१० पूर्वी 'दाखला आणा' म्हणून मीही मुले परत पाठवली आहेत. किती, ते मोजलेले नाही.

म्हणूनच मुख्याध्यापकांच्या मनातली भीती मला आपल्याइतकीच माहीत आहे. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार याची सरकारी मंजुरी, आता आधार वैध असलेल्या विद्यार्थ्यांच्या संख्येवर होते. ज्याचे आधार नाही, किंवा आहे पण नाव जुळत नाही, ते मूल बाकावर बसलेले असूनही शिक्षकांची पदे ठरवताना हिशेबात येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही असे सांगितले. परंतु प्रवेश दिल्यानंतर ते मूल मोजायचे कसे, हा प्रश्न शाळेच्या गळ्यात राहिला. बालगृहातल्या मुलाचे नाव तर कधी समितीच्या आदेशात एक, जन्मदाखल्यावर दुसरे आणि आधी सोडलेल्या शाळेच्या रजिस्टरात तिसरे असते. मुख्याध्यापक टाळाटाळ करतो ती बहुधा या हिशेबापायी. हे आपण लिहिले असते तर मी दुजोरा दिला असता. आपण ते न लिहिता उंबरठा लिहिलात.

आणखी एक गोष्ट आपल्या लक्षात यायला हवी होती, कारण ती खरोखर माझ्या लेखातली उणीव आहे. या अधिनियमाचे संरक्षण वय चौदा आणि इयत्ता आठवीपर्यंतच आहे. नववीत आलेल्या मुलाला कलम ५ चा आधार नाही, आणि शाळा सुटण्याचा खरा धोका असतो तो तिथेच. त्याबद्दल मी लेखात अवाक्षर लिहिले नव्हते. टीकाच करायची होती तर ही जागा मोकळी होती.

कामाच्या भाराचे म्हणाल तर त्यावर वाद नको. एका शाळेत अशी मुले तीन-चार असतात, फार तर दहा. अमेरिकेत मॅकिनी-व्हेंटो कायद्याखाली प्रत्येक शालेय जिल्ह्यात बेघर मुलांसाठी एक संपर्क-अधिकारी नेमावा लागतो आणि कागद नसले तरी मुलाला तत्काळ दाखल करून घ्यावे लागते. तेथील शिक्षकही रिकामे बसलेले नाहीत. ठाण्यात तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ पासून सिग्नलवरच्या मुलांसाठी सिग्नल शाळा भरते. तिथे तर शाळाच मुलांकडे गेली. मी फक्त एक शिक्षक मागतो आहे.

शिक्क्याच्या मुद्द्यावर आपण बरेच लिहिले आहे, ओळींनी मोजले तर सर्वांत जास्त. संस्थेची मुले ओळखू येतातच, ती काही यादीमुळे ओळखू येत नाहीत. आमच्या वर्गात वह्या वाटायच्या दिवशी गुरुजी म्हणायचे, "संस्थेची मुले उभी राहा," आणि आम्ही सहाजण उभे राहायचो. वह्या मिळायच्या. मला त्याचे कधी काही वाटले नाही, निदान मी तसे सांगत आलो आहे. यादी कपाटात कुलूप लावून ठेवता येते, आणि यापलीकडे त्या मुद्द्यात बोलण्यासारखे मला काही दिसत नाही.

आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. तिच्याखाली चौघांनी आपल्याला दुजोरा दिला आहे. त्यांतील दोघे माझ्याच शाळेतले जुने शिक्षक आहेत आणि त्यांचे सेवापुस्तक वर्षानुवर्षे मीच लिहीत होतो. त्यांना मी स्वतंत्रपणे फोन करीन.