सकाळी सव्वानऊचा शो

परत तेच! शास्त्रीय संगीतकारावरचा मराठी सिनेमा लागला, आणि घोडबंदर रोडवरच्या मल्टिप्लेक्सात शो कितीचा? सकाळी सव्वानऊचा. एकच. अहो, तेव्हा अर्धं ठाणं लोकलला लटकलेलं असतं! पुढच्या शुक्रवारी तोही काढला, म्हणे प्रेक्षकच नाहीत. २०१५ साली सरकारने मराठी सिनेमांसाठी दुपारी १२ ते रात्री ९ ही वेळ ठरवून दिली होती ना? कुठे गेली ती? गायक पं. राम मराठ्यांचं गाव हे, त्यांच्या नावाने इथे संगीत समारोह भरतो. आईला फक्त तंबोऱ्याची जवारी, तारांचा तो घुमणारा नाद, थिएटरच्या त्या मोठ्या स्पीकरांतून ऐकायची होती. तिकीट काढायला आम्ही तयार होतो. आता काय, मोबाइलवर ऐकवू तिला?